दुसरं टोक

"दबाइए काका, दबाइए, और दबाइए... छोड़ दीजिए!"

धर्मपाल रंगारीने मूठ सैल केली. क्षमादीदींनी त्याच्या हातातलं पंजाची ताकद मोजायचं यंत्र घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि काट्याकडे पाहिलं. मग यंत्र उजेडात नेऊन पुन्हा पाहिलं.

"इकतीस! काका, एक बार फिर करते हैं."

पुन्हा केलं. पुन्हा एकतीस किलो. सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच खुर्चीवर बसून त्याने हेच यंत्र दाबलं होतं तेव्हा काटा बावीसवर अडला होता. त्या दिवशी तो घरी जाऊन जेवलासुद्धा नव्हता.

रायपूरच्या समता कॉलनीतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हा अभ्यास चालू होता. अंगमेहनतीचं काम सुटलं की माणसाचे स्नायू कसे झिजतात, आणि ती झीज थांबवता येते का, हे पाहायचं होतं. जवळच्या उरल्याच्या लोखंडी सळयांच्या मिलांमधून रिटायर झालेले चाळीस म्हातारे निवडले आणि कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला व्यायाम: रबरी पट्टा ओढायचा, वाळूच्या थैल्या उचलायच्या, खुर्चीवरून उठबस करायची. दुसऱ्या गटाला नुसतं भाषण: डाळ खा, अंडं खा, दूध घ्या. या गटाने सहा महिने नवा कोणताही व्यायाम करायचा नाही, म्हणजे शेवटी दोघांतला फरक कळेल. मोजणाऱ्या क्षमादीदींना कोण कुठल्या गटात हे मुद्दामच सांगितलेलं नव्हतं.

धर्मपाल भाषणाच्या गटात पडला. आणि ज्याच्याबरोबर त्याने बावीस वर्षं एका रोलवर काढली, तो मारोती सेलोकर नेमका व्यायामाच्या!

"त्याले पट्टा अन् मले भाषण? काहून जी मॅडम?" धर्मपाल तेव्हा चांगलाच तडकला होता.

"काका, हे कॉम्प्युटरने ठरवलंय, माझ्या हातात काही नाही," अनुश्री मॅडम म्हणाली होती. नाशिककडची पोरगी, या कामासाठी दोन वर्षांपूर्वी रायपूरला आलेली. भाषणं तीच द्यायची. जीव तोडून द्यायची बिचारी, आणि समोर अर्धे म्हातारे डुलक्या घ्यायचे. खरं सांगायचं तर धर्मपालही घ्यायचा.

मुळात तो या भानगडीत पडला तो एका बरणीमुळे. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्याच्याने उघडेना. दोन्ही हातांनी जोर लावला, दात-ओठ खाल्ले, तरी हलेना. सून पिंकी आली, "पापाजी, लाइए," म्हणाली आणि एका झटक्यात उघडून निघूनही गेली. तिच्या मनातसुद्धा काही नव्हतं. पण धर्मपाल किती तरी वेळ स्वतःच्या पंजाकडे पाहत बसला.

अहो, हा पंजा काय होता म्हणून सांगू! भंडाऱ्याकडून एकोणिसाव्या वर्षी आलेला हा पोट्टा भट्टीसमोर उभा राहिला तो रिटायर होईस्तोवर. पायात लाकडी तळाच्या चपला, मनगटाला पोत्याचं फडकं, हातात लांब सांडशी. रोलमधून, म्हणजे फिरत्या लोखंडी रुळांमधून, लाल सळई सुटायची. तिला तोंडाशीच सांडशीत धरायची आणि वरच्या खाचेतून पलीकडे ढकलायची. पलीकडे मारोती. तो धरायचा, खालून परत पाठवायचा. सळई बारीक होत जायची, लांब होत जायची. आवाज असा की बोललेलं ऐकू येत नसे. मारोतीचा खांदा कुठे वळला यावरून धर्मपालला सगळं समजायचं. दोन पाळ्यांच्या मध्ये दोघं भिंतीला टेकून मीठ घातलेलं पाणी प्यायचे आणि सासुरवाशिणींसारख्या एकमेकांजवळ कागाळ्या करायचे. काय दिवस होते! घामाने सदरा पाठीवर वाळून पांढरा व्हायचा, आणि रविवारी तोच सदरा धुऊन घालून दोघं सदर बाजारात. पहिल्या बोनसातून धर्मपालने बायकोसाठी, भीमाबाईसाठी, चांदीची जोडवी घेतली तेव्हा सराफाने दिलेलं जोडवं त्याच्याने बोटांत धरवेना. बोटं इतकी राठ, की वस्तू हातात आहे की नाही तेच कळेना. मारोती दुकानात पोट धरून हसला होता.

आणि एका मे महिन्यात मारोतीचा पाय घसरला. तो खाली बसला आणि सळई निम्मी त्याच्या बाजूला गेलेली. सुटली असती तर थेट मारोतीच्या अंगावर गेली असती; धर्मपालने ती सोडली नाही. रोल ओढतोय, हा धरून ठेवतोय. पोत्याचं फडकं धुमसायला लागलं, तळव्याची सालं निघाली, तरी मिस्त्रीने रोल थांबवेपर्यंत त्याने मूठ उघडली नाही. मिल आता बदलली. मशीन स्वतःच सळई फिरवते, माणसं लांब काचेमागे बसतात. त्या मुठीची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

तर हे एकतीस किलो आले कुठून?

मारोतीच्या पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं आणि दुसरं ओढायचं, असं मॅडमने शिकवलं होतं. त्याची खिडकी जुनी. आठव्या दिवशी गंजलेला गजच निघाला आणि पट्टा सटकन येऊन त्याच्या नाकावर बसला. नाक सुजवून तो गल्ली ओलांडून आला.

"धर्मा, धर बरं हे टोक."

धर्मपालने धरलं. बस, इतकंच! मारोती ओढायचा, हा धरून ठेवायचा. रोज सकाळी सहाला, अंगणात, समोरासमोर. व्यायाम मारोतीचा, याने फक्त टोक धरलेलं. बावीस वर्षं तेच तर केलं होतं. मनाच्या एका कोपऱ्यात कधी शंका आली नाही असं नाही, पण त्याने ती तिथेच राहू दिली.

आता अनुश्री मॅडम आकड्यांचा कागद घेऊन आपल्या खोलीतून अक्षरशः धावत आली. त्याला आत नेऊन बसवलं.

"काका, नऊ किलो! नुसत्या खाण्यापिण्याने! व्यायामवाल्यांत पण इतकं कोणाचं नाही वाढलं." तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटायचं, माझं कोणी ऐकतच नाही. आता आमच्या मोठ्या सरांना सांगते. अहो, व्यायामाचे वर्ग चालवायला किती खर्च, किती माणसं लागतात! नुसत्या भाषणाने भागत असेल तर गावोगावी करता येईल. बसा तुम्ही, प्रमाणपत्र तयार करते."

प्रमाणपत्रावर दोन आकडे यायचे होते, पहिला आणि शेवटचा. ते बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावायचं हे धर्मपालने केव्हाच ठरवलं होतं. आता मात्र त्याला बसवेना. तो खाली उतरला. चहाच्या टपरीवर मारोती होताच. त्याचे तीस भरले होते.

"काहून रे, तोंड काहून असं? एकतीस म्हणे तुह्ये! माह्यापेक्षा एक जास्त, लेका!"

"मारोती, ते पोट्टी म्हणते भाषणानं झालं. सगळीकडे आता भाषणच देतो म्हणते."

"तं देऊ दे ना."

"अन् मंग? भाषणानं हात मजबूत होत असते तं आपला मॅनेजर पहलवान झाला असता. आपल्या मागून रिटायर होणारे पोट्टे भाषण ऐकतीन अन् हात वाळवून बसतीन. पट्टा कोणी देणार नाही त्यायले."

मारोतीने चहाचा ग्लास खाली ठेवला. "धर्मा, आत जाऊन हरिश्चंद्र होऊ नको, सांगून ठेवतो. या हातानं मले वाचवलं. मिलवाल्यानं काय दिलं त्याचं? आता कोणी तं लिवून देऊन राहिलं. राहू दे ना ते कागदावर, बापा." त्याने धर्मपालचं मनगट धरलं. "माह्यासाठी राहू दे."

धर्मपाल दवाखान्याकडे वळला. एकतीस त्यालाही हवे होते. इतके हवे होते की जिने चढताना त्याने दोनदा कठडा धरला, आणि दम लागला म्हणून नाही.

मॅडमने प्रमाणपत्रावर त्याचं नाव लिहिलं होतं, अक्षर सुंदर.

"मॅडम, ते शेवटचा आकडा लिवू नका जी."

"का हो काका?"

त्याने सांगितलं. गज, नाक, अंगण, टोक, सगळं. मध्ये न थांबता सांगितलं, कारण थांबला असता तर पुढचं सांगवलं नसतं. "मी तं फक्त धरत होतो, मॅडम. पण धरायलेही ताकद लागते. मले माहीत होतं."

अनुश्रीने प्रमाणपत्र स्वतःकडे ओढून घेतलं. चेहरा उतरला होता तिचा. धर्मपालला वाटलं, आता ही पोर रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नियम मोडला अशी नोंद करावी लागेल, काका. सर बहुधा तुमचा आकडा बाजूलाच ठेवतील." मग हळूच म्हणाली, "माझी भाषणं फुकटच गेली म्हणायची."

"फुकट कशी? अंडं खातो ना मी आता."

ती हसली आणि हसता हसताच तिने नाक पुसलं. प्रमाणपत्र दिलं. पहिल्या रकान्यात बावीस. दुसऱ्यात तिने एक आडवी रेघ ओढली.

ऑटोत मारोती अख्ख्या वाटेत बाहेर तोंड करून बसला. उतरताना मात्र म्हणाला, "तू नाही सुधरणार."

घरी भीमाबाई ओसरीवर मेथी निवडत होती. तिने कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला.

"बावीस? अन् हे रेघ कायची?"

"एकतीस भरले होते. नाही लिवले. माह्यीच चूक होती."

सगळं ऐकून घेतलं तिने. मग मेथीची पाटी बाजूला सारली, हात पदराला पुसला आणि त्याच्यासमोर धरला.

"दाब बरं."

"काय लावलं, सून आत आहे..."

"दाब म्हणते ना मी!"

त्याने तिचा हात मुठीत घेतला. आधी भीत भीत, मग जरा जोराने, मग सकाळी यंत्र दाबलं होतं तसा. भीमाबाईने ओठ आवळले. डोळ्यांत पाणी आलं तरी तिने हात काही ओढून घेतला नाही.

"बस," ती शेवटी म्हणाली, "बांगडी रुतून राह्यली."

त्याने बोटं सैल केली. ती मनगट चोळत, पाटी कडेवर घेऊन आत गेली आणि पिंकीला म्हणाली, "आज भाकर थोडी जास्त टाक, भूक लागली असन त्याईले."