आई आठ फुटांवर थांबली नाही

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि अजूनही गोंधळलेलाच आहे. चांगला फोटो कशाला म्हणायचं, हे मला काही केल्या उमगत नाही!

माझ्या भिंगाभोवती तीन कडी आहेत. एक वेळेचं, एक अंतराचं, एक उजेडाचं. उजेडाच्या कड्याची तऱ्हाच उलटी. आकडा मोठा लावला की उजेड आत घेणारं भोक बारीक होतं, लहान लावला की मोठं! माझंच डोकं चक्रावतं, तिथे उंब्रजच्या मानसिंगची काय कथा? तो फौजेत होता. पंचाहत्तर साली त्याने मला पलटणीतल्या दोस्ताकडून घेतलं, ते एकाच कामासाठी. आईचा, दगडाबाईचा चेहरा त्याला सीमेवर सोबत न्यायचा होता.

सुट्टी संपली, एसटीची वेळ झाली आणि रोलमध्ये एकच फोटो उरला. आई दह्याची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी. अंगणात कडक ऊन, ती मात्र सावलीत. मानसिंगने उन्हाचा आकडा लावला, मग सावलीचा, पुन्हा उन्हाचा, पुन्हा सावलीचा. भोक मोठं उघडलं. अंतर लावलं आठ फूट.

"आये, हलू नगंस!"

"आरं, दही ऱ्हायलं की तुझं!" म्हणत ती पुढे निघाली आणि नेमका तेव्हाच खटका पडला.

भोक मोठं असलं की मला नेमल्या अंतरावरचंच स्वच्छ दिसतं. पुढच्या सुट्टीत मानसिंग फोटो घेऊन आला. त्यात उंबऱ्याची रेघन् रेघ दिसत होती, आणि आई नुसती धुरकट.

"ही कोन रं? भूत हाय का मी?" दगडाबाई म्हणाली. मी शरमेने मेलो.

या खेपेला मानसिंगने तिला उन्हात बसवलं, मोठा आकडा लावला, दोरीने अंतर मोजलं. फोटो असा आला की कपाळावरच्या गोंदणाचे ठिपकेसुद्धा मोजून घ्यावेत. जिंकलो, म्हटलं!

पण निघताना त्याने तो फोटो भिंतीला लावला आणि धुरकट फोटो पाकिटात ठेवला.

"आरं, त्यात माझं त्वांड तरी दिसतंय का?"

"न्हाई दिसत. पर त्यात तू माझ्याकडं येतीयास."

पदर डोळ्यांना लावून दगडाबाईने दह्याची वाटी आणली.

आता मी ट्रंकेत पडून आहे. भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, कडी फिरती ठेवा, आकडेही शिका. आणि चांगला फोटो कोणता, भिंतीवरचा की पाकिटातला, ते कळलं तर मला येऊन सांगा.