जासईच्या वळणावरची काचेची तार

मित्रांनो, मी केसाइतकी बारीक, काचेची एक जुनी तार आहे. लोक मला फायबर म्हणतात. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मी जमिनीखाली पडून असते.

तरुणपणी माझ्यातून उजेडाचे लोंढे वाहायचे. कुणाचे फोन, कुणाच्या हळदीचे फोटो, बंदरावरच्या कंटेनरची खबर. तेव्हा मला माझं काम कळत होतं. पुढे शेजारी नव्या जाड केबल आल्या आणि मला कुणी विचारेना. बरीच वर्षं मी नुसत्या अंधारात काढली.

मग अमिषा नावाची संशोधक आली. तिला अशीच रिकामी, शांत तार हवी होती. ती प्रकाशाचे कण जोडीने तयार करी. जोडीतला एक कण पनवेलच्या प्रयोगशाळेत राही, दुसरा माझ्यातून उरणला जाई. हा काय निरोप आणतोय म्हणून मी उत्सुकतेने बघायची, तर त्याच्याकडे निरोपच नसायचा. तरीही दोन्ही टोकांना मोजलं की दोन्ही कणांची उत्तरं जुळायची. त्या उत्तरांतून म्हणे गुप्त संदेशांचं कुलूप तयार होतं. आणि मधे कुणी डोकावलं तर उत्तरं बिघडतात, चोरी उघडी पडते. मी काहीच नेलं नाही, तर मग तिकडे पोचलं काय? मला अजूनही हे उमगलेलं नाही.

त्यात भर म्हणजे दुपारची उत्तरं बिघडू लागली. जासईच्या वळणावर सिमेंटच्या चेंबरमध्ये माझा एक जोड आहे. त्या झाकणाची चावी एकट्या विनेशकडे असे. तो जवळच्याच गावचा; माझे सगळे जोड त्यानेच हलक्या हाताने सांधलेले. तोच कुणासाठी तरी चोरी करतोय, असं वरच्या साहेबांनी ठरवलं. अमिषालाही ते पटलं. त्याचं काम काढून घेतलंय, हे सांगायला ती चेंबरपाशी आली.

माझ्यापाशी कुणी आलंच नव्हतं, पण मला तोंड कुठे होतं? माझंच काही बिघडलंय का, या विचाराने मी आणखीच गोंधळले.

विनेशने खिशातून चावी काढून तिच्यापुढे धरली. मग म्हणाला, "मॅडम, मी हात लावला न्हाय. ही चावी घ्या, नि तुमीच उतरून बघा."

अमिषा आत उतरली. तेवढ्यात बंदराकडे निघालेला ट्रेलर रस्त्याची कड दाबत गेला आणि मी थरथरले. माझं वेटोळं हुकावरून निसटून लोंबकळत होतं. तिने उरणला फोन लावला. उत्तरं नेमकी त्याच घडीला बिघडली होती. दुपारी ट्रेलरांची रांग लागे आणि माझ्या थरथरण्याने कणांच्या कंपनाची दिशा बदलून उत्तरं चुकत. एवढंच होतं.

"विनेशदादा, चुकलं माझं," ती म्हणाली.

खाली उतरून त्याने मला रबराच्या पट्टीने घट्ट बांधलं. यंत्रं नव्याने लावल्यावर भर दुपारीही उत्तरं जुळली. विनेशचं काम राहिलं. पण आता तो झाकण एकटा उघडत नाही. अमिषा येईपर्यंत उन्हात उभा राहतो. कणांचं कोडं एक वेळ सुटेल, पण त्याचं ते उभं राहणं मला बघवत नाही.

म्हणून मित्रांनो, रस्त्याकडेच्या झाकणावर गाडी चढवू नका. आणि काही जुळेनासं झालं, तर माणसाला चोर ठरवण्याआधी एकदा खाली उतरून बघा.