शेवटच्या गड्याची रेषा

पणजोबांनी टेकाडाखालची दगडाळ जमीन फोडून मैदान केले. आजोबांनी त्यावर रूळ फिरवून ते ताटासारखे सपाट ठेवले. वडिलांनी त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा अशा ओढल्या, की पाहुण्या संघाचे पंच दोरी लावून पाहत आणि तोंडात बोट घालत. तीन पिढ्यांनंतर मैदानाची राखण ज्याच्या हाती आली, त्याचे पाळण्यातले नाव कुणाच्या लक्षात राहिले नाही. पापण्यांपासून जोड्यांपर्यंत सदा फक्कीने माखलेला, म्हणून मुलांनी त्याला फक्कीमामा केले आणि तो फक्कीमामाच राहिला.

कॉलेज केवळ मुलांचे, आणि लहान. फुटबॉलचे अकरा गडी जमवायचे म्हणजे गोलरक्षकाला बुद्धिबळाच्या पटावरून उठवून आणावे लागे. हरणे अंगवळणी पडले होते. एका बाबतीत मात्र त्या कॉलेजाने कधी मान खाली घातली नाही. वर्षातून एकदा बारा किलोमीटरची डोंगरफेरी होई. पहिला कोण आला, हे कुणी लिहून ठेवत नसे. निघताना दोरीवरचा आपल्या क्रमांकाचा फडका काढून कमरेला खोचायचा, परत येऊन मैदानावरची शेवटची रेषा ओलांडली की पुन्हा दोरीवर टांगायचा. दोरी भरल्याखेरीज रेषा पुसायची नाही. रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाचे नाव व्यायामशाळेतल्या फळीवर चढे, शेवटच्याचेही.

चाळीस वर्षांपूर्वी फक्कीमामाने ती रेषा पुसली. तो तेव्हा नवखा होता. आदल्या दिवशी त्याने एक जादा फडका धुऊन त्याच दोरीवर वाळत घातला आणि तो काढायला विसरला. दुपारी फडके मोजले, धावणाऱ्यांइतकेच चोवीस भरले. फुटबॉलची आखणी व्हायची होती. त्याने झाडू फिरवला. अर्ध्या तासाने चष्मा लावलेला एक काटकुळा मुलगा दुखरा गुडघा ओढीत, धापा टाकीत आला.

"रेषा कुठंय?" त्याने विचारले.

"इथं होती," फक्कीमामा म्हणाला.

 मुलाने फडका त्याच्या हातात ठेवला आणि तो निघून गेला. वर्ष संपल्यावर त्याने कॉलेजही सोडले. वडिलांनी लेकाला एवढेच सुनावले, "पुसलीस ती रेषा तुझ्या बापाची नव्हती. ज्याची होती, त्याला परत दे." पुढे ते तीन वर्षे जगले. दर डोंगरफेरीच्या दिवशी लेकाकडे नुसते पाहत, आणि ते पाहणे शिव्यांहून जड जाई.

यंदाची डोंगरफेरी अखेरची होती. उन्हाळ्यानंतर कॉलेज मोठ्या कॉलेजात विलीन व्हायचे होते. बायको जाऊन फक्कीमामाला नऊ वर्षे झाली होती, मुलगा परगावी रमला होता. मैदानामागच्या खोलीत बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या. त्याने जुन्या नोंदवह्या चाळून त्या चष्मेवाल्या मुलाचा पत्ता काढला, पत्र धाडले. दुपारी एक वाजता, अकरा पोरांच्या मागे, पांढऱ्या केसांचा एक चष्मेवाला फडका घ्यायला दोरीपाशी येऊन उभा राहिला.

"गुडघा कसा आहे?" फक्कीमामाने विचारले. एवढ्या वर्षांनी याहून शहाणे काही सुचले नाही.

"माझ्यासोबत यायला तयार नाही," चष्मेवाला म्हणाला. "पण त्याला एकट्याला घरी ठेवून कसं चालेल?"

अडीच वाजेतो अकरा फडके परतले. बाराव्याची जागा मोकळी. तीनला पाहुणा संघ आला. प्राचार्य लगबगीने मैदानात उतरले.

"मामा, ती रेषा अजून कशी? गोलासमोरच आलीय. पुसा बघू."

"दोरी भरली नाही, साहेब."

"अहो, ते गृहस्थ साठीचे. अर्ध्या वाटेवरून बस धरून कधीच घरी पोचले असतील!"

"असतीलही. पण मला तसं सांगून गेलेले नाहीत."

"मी हुकूम देतोय, मामा."

"साहेब, नोकरी दोन महिन्यांची राहिलीय. आजच घ्या हवी तर. झाडू मी उचलणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला उचलूही देणार नाही."

प्राचार्य कपाळावर हात मारून वळले. फक्कीमामाने बाकीच्या रेषा आखल्या आणि त्या एका रेषेशी जाऊन उभा राहिला. सामना तिच्यासकट झाला. पाहुण्यांचा कप्तान ओरडला, "काका, ही कसली आखणी? घरून चढवून आलात काय?" सगळे खो खो हसले. फक्कीमामा तसूभर हलला नाही. चेंडू दोनदा रेषेवरून गेला. दोन्ही वेळा त्याने खाली बसून फक्कीची चिमूट टाकली आणि ती सांधली.

कॉलेज सामना हरले. मुले वसतिगृहात गेली, पाहुण्यांची गाडी गेली, प्राचार्य फाटक लोटून निघून गेले. सावल्या लांबल्या, मग सावल्याही उरल्या नाहीत. प्राचार्यांचे म्हणणे खरे असेल, असे त्याला पहिल्यांदा वाटले. माणूस कुठे पडला असेल, हेही वाटले. कंदील घेऊन शोधायला निघावे, तर रेषेपाशी कोण थांबणार? तिथे दुसरे कुणीच नव्हते. आणखी दहा मिनिटे, असे त्याने मनाशी ठरवले.

तेवढ्यात टेकाडाच्या वळणावर एक आकृती दिसली. एक पाय टाकायची, दुसरा ओढायची.  चष्मेवाला जवळ आला, थबकला, वाकून डोळे किलकिले करून पाहू लागला.

"आहे ना?"

"आहे. पाय पुढे टाका."

त्याने टाकला. आधी धड पाय, मग दुसरा. मग कमरेचा फडका काढला आणि दोरीवर टांगला. फक्कीमामाने एका टोकापासून मोजायला सुरुवात केली, प्रत्येक फडक्याला बोट लावून, मोठ्याने. बारा भरले. त्याने उलट्या टोकाकडून पुन्हा मोजले.

"बारा," चष्मेवाला म्हणाला. "भरले, मामा. आता तुमच्याकडे माझं काही राहिलं नाही."