बिनड्रायव्हरची बोट

बंद पडलेली मशीन दिसली की आमच्या धीरजरावांच्या हाताला खाज सुटते. केळझरला त्यांचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे आणि तिथे मोटारींत तार भरायला मी असते. बायको कामाला असली की मजुरी वाचते, हे त्यांना लग्नाआधीच कळलेलं असावं. तर हे एकदा नागपूरला ताराचंद भंगारवाल्याकडे बेअरिंग आणायला गेले आणि टेम्पोत बोट घालून आले.

कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टची होती. बोट कसली, माणूस बसेल एवढी जागाही नाही. बसायचंच नसतं तिच्यात. ती एकटी पुढे पळते, मागे लांब दोरी, दोरीला दांडा, आणि दांडा धरून पायात फळ्या बांधलेला माणूस पाण्यावर उभा. चालवायचीही दांड्यावरूनच. त्याच्या मधोमध एक बटण, ते अंगठ्याने दाबून धरायचं. हात सुटला की इंजिन बंद.

“आता हे अंगणात चालवाची हाये का?” मी विचारलं.

“गावामागं तलाव हाये ना. तुले पवता येते, तूही उभी राह्यजो.”

हे बोलून गेले आणि विसरले. मी विसरले नाही. माझं माहेर नदीकाठचं. पोरांच्या आधी मी पलीकडे पोहोचायची. लग्नानंतर पाण्याशी संबंध उरला तो नळ आला का, एवढाच. मला पुन्हा पाण्यात जायचं होतं. कोणाला सांगितलं नाही, कारण चाळिशीतल्या बाईने असं काही म्हटलं की लोक आधी तिची तब्येत विचारतात.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. कार्बोरेटर साफ केला तर पंपाच्या सीलमधून पाणी आत येई. सील बदललं तर बॅटरी बसली. हे तलावावर जात, पडत, कानात गाळ घेऊन परत येत. शेवटी उभे राहायला शिकले. मी म्हटलं, आता मी.

“थांब, सारखी चालू दे. मंग तू.”

बोट काही नीट चालेना. शेजारचे वासुदेवराव विचारायचे, “काऊन वो बाई, तुमचा नंबर लागला का नाई?” मी हसण्यावारी न्यायची. आतून जळायची.

त्यातच माझा उजवा अंगठा गेला. तार ओढून ओढून आखडला. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं, यावर जोर द्यायचा नाही. हे शेजारीच बसून ऐकत होते.

आणि मग एका रविवारी सकाळी म्हणाले, “चाल, आज तुया नंबर.”

मी ह्यांची ट्रॅकपँट घातली, कुर्त्यावर बोटीसोबत आलेलं तरंगायचं नारिंगी जॅकेट चढवलं. वासुदेवराव बघायला आले होते, तरी मी लाजले नाही. गुडघाभर पाण्यात उतरले आणि पायाला गाळ लागला तशी माहेरची नदी आठवली. हे म्हणाले, “एक चक्कर मी मारून पाह्यतो.”

सुरेख चालली. वळणावर ह्यांनी मला हात दाखवायला एक हात सोडला, आणि पडले. दांडा सुटला. मी वाट पाहत होते बोट थांबायची. ती थांबली नाही. रिकामी दोरी ओढत सरळ बांधाच्या दगडांवर गेली. मोठा आवाज झाला. हे तिच्यामागे पोहत होते, आणि ती तोंडाशी फुटून हळूहळू खाली जात होती. मी गुडघाभर पाण्यातच उभी होते.

घरी आल्यावर माझा तोल गेला. “हात सुटला का बंद पडते म्हणत होते ना तुमी?”

हे खालमानेने बसले होते. आमच्याकडे शेतात लाईट कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून शेतकरी ह्यांच्याकडून स्टार्टरचं हिरवं बटण दाबलेलंच राहील अशी सोय करून घेतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, थांबवायची तर लाल बटण. ह्यांनी जन्मभर तेच केलं. दांड्यालाही तेच करून ठेवलं होतं. विहिरीवरची मोटार हातातून सुटून पळत नाही, एवढं ध्यानात आलं नाही.

“काऊन केलं असं?”

“तुया अंगठा,” हे म्हणाले. “इतका वेळ बटण दाबून राह्यवलं असतं का तुले? म्हटलं, एकदा दाबलं का झालं.”

माझी भांडायचीही सोय उरली नाही. एवढी वर्षं ज्याच्यासाठी थांबले ते बुडालं होतं, आणि बुडालं होतं ते माझ्याच काळजीपोटी. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. चहा केला, एक कप त्यांच्यापुढे ठेवला, एक मी घेतला.

“मले एकदा विचाराचं होतं,” मी म्हटलं. “डावा अंगठा धड हाये माया.”

ह्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. माझा कप त्याच हातात होता.