वाचन आमच्या घरी

विहारातलं वाचन आमच्या घरी आणायची कल्पना माझ्या नवऱ्याची, धम्मानंदची. पण तिला सगळ्यात आधी मान डोलावणारी मी होते, त्यामुळे नुसती त्याच्या नावानं बोटं मोडून भागायचं नाही.

झालं असं की, आषाढ पौर्णिमेच्या आठवडाभर आधी माझे सासरे, बळीराम मामाजी, आमच्याच गल्लीत गटाराच्या झाकणावरून घसरले. वय शहात्तर. हाड मोडलं नाही, घोटा तेवढा सुजला. धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी दहा दिवस आराम सांगितला. आता आमच्या इंदोऱ्याच्या बुद्धविहारात आषाढापासून आश्विनापर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. अठरा वर्षं वाचक एकच, मामाजी. कामठीला यंत्रमागावर सगळी उमर उभ्यानं काढलेला माणूस. घर ते विहार पाऊण किलोमीटर, रोज पायी. त्यांच्यावाचून सुरुवात कशी करायची? धम्मानंद विहार समितीच्या आनंदरावांना म्हणाला, "बाबा तिकडे येऊ नाही शकत, त तुम्हीच इकडे या न." त्यांनी लगेच होकार दिला. पौर्णिमेपासून पस्तीस माणसं आमच्या बैठकीत.

मला मोठा मान वाटला. दहा दिवस सरले, घोटा उतरला, पण वाचन परत न्यायचं कोणाच्याच मनात आलं नाही. मी तर आणखी पुढे गेले. सकाळी ते स्वतः आणायचे ते दूध दारात येऊ लागलं, पेपर दारात, औषधं दारात. मामाजी उठायला लागले की मी म्हणायची, "बसा, मी आणून देतो." शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी फुगायची.

भाद्रपदात माणूस उतरू लागला. खुर्चीतून उठताना हात टेकू लागले. दिवसा झोप, रात्री टक्क जाग. साखर वाढली. वाचताना एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागायचा. मी म्हटलं, वय झालं. मग एका संध्याकाळी वाचन आटोपलं आणि मामाजींना गादीवरून उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. "पाय झोपले माहे," म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. एकदा जमलं. दुसऱ्यांदा अर्ध्यातूनच खाली बसले.

"दिवसभरात चालतात किती?"

मी आठवून पाहिलं. पलंग, बैठक, संडास. संपलं.

"घोटा कधीच बरा झालाय," त्या म्हणाल्या. "हे सगळं बसून बसून झालंय. या वयात पायातली ताकद बसल्यानं भराभर जाते, परत यायला फार वेळ लागतो. रोज थोडं थोडं चालवा. नाहीतर पुढच्या वेळी पडले तर खुबा मोडेल, आणि मग अंथरूण सुटणार नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी आधी आनंदरावांना फोन केला. उद्यापासून वाचन विहारात. आश्विन पौर्णिमेला तीन आठवडे राहिले होते.

मामाजींना ते लागलं. "मी जड झालो का वं तुले?"

"नाही, मामाजी. पण तुम्हाले चालतच जा लागन. मी येतो ना संग."

"मंग तवरक वाचन कोन करन?"

"मिनल करन." मिनल माझी मुलगी.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बापाचा मान घालवला म्हणून धम्मानंदही फुगून बसला. तिसऱ्या दिवशी मामाजींनी न सांगता चप्पल घातली आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. मी मागे होतेच. मग किराणा दुकान. मग शाळेचं फाटक. त्यापुढे पाय जाईनात. त्यांना एकच घोर लागला होता, पौर्णिमेला शेवटचं पान आपण वाचायचं.

पौर्णिमेला वाचन सहाचं होतं. आम्ही पाचलाच निघालो, माझ्या हातात प्लास्टिकची खुर्ची. वाटेत सहा वेळा बसले. विहारापाशी पोचलो तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. वर जायला अकरा पायऱ्या. दोघेजण उचलायला धावत खाली आले, मी हात आडवा केला. सातव्या पायरीवर आतून 'साधू, साधू, साधू' ऐकू आलं. वाचन संपलं होतं.

मामाजी कठडा धरून उभे राहिले. मला वाटलं, सगळ्या विहाराला ओरडून सांगावं, या माणसाचे पाय मी काढून घेतले, बसल्या जागी चहा देऊन देऊन. मी नुसती खुर्ची पुढे केली.

"नको," ते म्हणाले. उरलेल्या चार पायऱ्या चढले, आत जाऊन हात जोडले. मिनलनं ग्रंथ पुढे केला तर म्हणाले, "तू वाचलं न बेटा? झालं मंग." आणि भिंतीला टेकून बसले.

बाहेर आलो तर धम्मानंद स्कूटर सुरू करून उभा. "बसा, बाबा."

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खुर्ची काखेत मारली.

"तू जाय गा पुढं," ते त्याला म्हणाले, "आन् कुकर लाव. आमाले दीड घंटा लागन."