फिनबारच्या फाटकावरची पाटी

फिनबारच्या पदरात पडून पडून पडणार काय होतं, तर पत्र्याची एक हिरवी पाटी. लिटरमागे सगळ्यांत कमी कार्बन सोडणाऱ्या गोठ्याला आमचा दूधसंघ ती देतो, फाटकावर लावायला. भावात वाढ म्हणाल तर नावापुरती. पण ती पाटी होती शेजारच्या कॉर्मॅककडे, आणि फिनबारचं घर त्याच गल्लीच्या टोकाला. पुढे नुसती दलदल. म्हणजे घरी जायचं तर पाटीसमोरूनच. मी दुधाचा टँकर चालवतो, दोघांचंही दूध मीच उचलतो. तिथून जाताना फिनबार मान अशी काही फिरवायचा, की शेवटी ती आखडली.

"त्याच्या गायी काय अत्तर सोडतात?" तो मला विचारायचा. "गवत तेच, पाऊस तोच. मग माझाच आकडा एवढा का?"

"त्या पाटीशीच लग्न लाव," त्याची बायको नोरीन आतून ओरडायची. "मी तरी सुटेन!"

एवढं असूनही कॉर्मॅक रोज संध्याकाळी फिनबारच्या कुंपणाशी यायचा. त्याच्या कालवडी फिनबारकडे पैसे देऊन वाढवायला ठेवलेल्या. त्या बघायच्या, आयर्लंडच्या लाडक्या हर्लिंग खेळातल्या सामन्यावर भांडायचं नि परत जायचं.

जूनमध्ये कॉर्मॅककडे शिवारफेरी झाली. पाटीवाल्याचं शेत बघायला सगळे जमतात, हॅम सँडविच खातात आणि त्याच्या गवतात खोड काढतात. डर्व्हला नावाची दूधसंघाची अधिकारी आकडा कसा निघतो ते सांगत होती: गायीच्या ढेकरातून निघणारा वायूच त्यात मुख्य धरतात.

"ज्याच्या कुरणात जनावर, त्याच्या नावावर त्याचे ढेकर," ती म्हणाली.

फिनबारच्या हातातलं सँडविच तिथंच थांबलं.

"मग याच्या कालवडी कुणाच्या नावावर?"

"ज्यानं सही करून घेतल्या, त्याच्या."

सही फिनबारचीच होती.

"म्हणजे ढेकर माझ्या खात्यात, आणि मोठ्या झाल्या की दूध याच्या!" तो गरजला. सगळं शिवार हसलं. कॉर्मॅक सोडून.

"बरोबर आहे तुमचं," डर्व्हला म्हणाली. "यापुढे मालकाच्या नावावर धरू."

"लेका, हे कुंपणावर सांगितलं असतंस तर?" कॉर्मॅक हळूच म्हणाला.

"मग एवढ्या लोकांनी ऐकलं असतं का?"

आठवडा उलटायच्या आत कॉर्मॅकने रागारागाने कालवडी ट्रकात घालून लांब केरीला मेव्हण्याकडे धाडल्या. पुढच्या मोजणीत त्यांचे ढेकर कॉर्मॅकच्या नावावर चढले आणि पाटी फिनबारच्या फाटकावर आली. तो ती रोज पुसतो.

"टँकरमधून दिसते ना नीट?" परवा त्याने विचारलं.

"दिसते की."

"आणि कॉर्मॅकला?"

"तो कशाला येईल इकडे आता?"

फिनबारने फडकं पिळलं.

तर हिशोब असा: कालवडी केरीत तेवढेच ढेकर देतात, हवेला एका ढेकराचीही सूट मिळाली नाही. कॉर्मॅकची पाटी गेली. फिनबारची संध्याकाळ गेली. आणि ती पाटी बघायला गल्लीच्या टोकापर्यंत येणारा आता मी एकटाच, तोही दूध उचलायचं असतं म्हणून.