शून्य बदल

आमच्या घरातून ऑफिसला दोन डबे जातात. एक माझा, एक सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा. दोघं एकाच कंपनीत, एकाच खोलीत, आणि तीन आठवड्यांपासून मी त्यांच्याच पोटावर पाय देतेय. हे सरळ सांगते, कारण आडून सांगायला अंगात त्राण नाही.

बाबा सर्व्हर उभे करतात. नवी मशीन आली की वही उघडायची, एकेक कमांड हाताने टाइप करायची, झाली की पेन्सिलीने टिक. एका मशीनला दीड दिवस. साहेबांनी मला एक साधं टूल दिलं. मशीन कशी हवी ते एका फाइलीत लिहायचं. टूल मशीन तपासतं, कमी असेल ते करतं, ठीक असेल त्याला हात लावत नाही. साहेब म्हणाले, "कोरी मशीन नुसत्या फाइलीवर उभी राहिली, तर बाबांचं काम संपलं. अडली, तर राहू देत ते कामावर."

बाबांनी वही वाचली, मी लिहून घेतलं. एक्केचाळीस पायऱ्या.

एक राहिली होती. सर्व्हर आपल्या नोंदी, म्हणजे लॉग, ज्यात लिहितो त्या फोल्डरची परवानगी बदलायची. नाही बदलली तर सर्व्हर सुरूच होत नाही. ती वहीत कधीच नव्हती, बाबांच्या बोटांत होती. शेजारी बसून बसून मलाही ती पाठ झालेली. मी फाइल बंद केली आणि तोंडही.

"थांब," बाबा म्हणाले. "एक राहिलं."

"राहू द्या ना, बाबा."

"राहू द्या काय? अर्धवट काम द्यायचं त्यांना?"

"अर्धवटच बरं आहे."

त्यांना कळलं. कळल्याचं मला दिसलंही. तरी त्यांनी ती पायरी सांगितली, वर वाचून दाखवायला लावली. आता या माणसाला काय म्हणावं? मला राग यायला हवा होता. राग आला नाही, रडूही आलं नाही. मी फाइल सेव्ह केली.

कोरी मशीन नऊ मिनिटांत उभी राहिली. साहेब "वा" म्हणाले आणि फोनवर बोलत निघून गेले.

"आता माझ्या अकरा मशिनींवर चालव बघू," बाबा म्हणाले.

चालवलं. त्यांनी इतक्या वर्षांत हाताने उभ्या केलेल्या मशिनी, टूलने एकेक पायरी तपासली. प्रत्येकीपुढे एकच आकडा आला. बदल: शून्य.

"म्हणजे?"

"म्हणजे दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही."

"परत चालव."

परत शून्य. बाबांनी वही मिटली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, कसं झालं.

"अकराच्या अकरा बिनचूक," बाबा म्हणाले. "मशीननेच तपासलं. एक चूक नाही."

"तुमच्या कामात कोण खोट काढणार?" आईंचा चेहरा खुलला. "साहेब खूश असतील मग."

"खूश आहेत."

मी ताटाकडे बघत जेवत होते. चव कसलीच लागत नव्हती, पण ताट संपवलं. आईंनी दोन्ही डबे घासून ओट्यावर पालथे घातले. बाबा उठले, आपला डबा फडक्याने कोरडा केला, झाकण लावलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.

"उद्यापासून एकच भर," ते म्हणाले.